कवळीताईचा अठरा वर्षांचा पगार

कवळीताई हे काही तिचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. दातांचे डॉक्टर फोन करून विचारायचे, "कवळीताई आहेत का हो? खालच्या जबड्याचं काम आहे," आणि तेच तिला चिकटलं. नवऱ्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. लॅब त्याची, पाटीवर नाव त्याचं, आणि विचारपूस बायकोची! मग तो फोन तिच्या हातातून काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "बोला डॉक्टर, मीच बघतो ते काम." बघायचा तोच. करायची ती.

कवळ्या बनवायची ही लॅब म्हणजे त्यांच्या घराचा खालचा मजला. एका खोलीत प्लास्टरचे साचे, दुसरीत मेण आणि स्पिरिटचे दिवे, आणि मागे घासायची यंत्रं. त्यांची गुलाबी भुकटी जिन्यानं वर चढून थेट अंथरुणापर्यंत पोचायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एक कारागीर अचानक काम सोडून गेला, तेव्हा नवरा म्हणाला, "दोन दिवस जरा खाली येऊन साचे ओत." ते दोन दिवस अठरा वर्षं चालले. साचे ओतता ओतता ती मेण कोरायला शिकली, मेणात दात बसवायला शिकली, आणि पुढे तर अशी तयार झाली की एखाद्या म्हाताऱ्याचा तरुणपणीचा फोटो बघून त्याच्या पुढच्या दोन दातांमधली फट तेवढीच्या तेवढी ठेवायची. कवळी लावून आरशात बघितल्यावर माणसं रडायची, असं डॉक्टर सांगत. पगार? घरच्या माणसाला कसला आलाय पगार! तिनंही कधी मागितला नाही. लेक शिकत होती, घर चाललं होतं, डॉक्टर लोक नाव काढत होते, आणि एवढ्यावर बाई खूश होती. खुळीच म्हणा ना.

मग नवऱ्याला दुसरी आवडली. लॅबला माल पुरवणाऱ्या कंपनीची ती विक्रेती. यात नवल काही नाही, जगात रोज कुठे ना कुठे होतं. पण सांगण्याचीही एक रीत असते. एका सकाळी कवळीताई खाली उतरली तर लॅबला नवं कुलूप, आणि दाराशी एका खोक्यात तिचा एप्रन, चष्मा आणि चहाचा कप. मेण कोरायच्या सुऱ्या नव्हत्या. "त्या फर्मच्या आहेत," नवरा म्हणाला. दाराच्या काचेतून कारागीर बघत होते. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तो पुढे म्हणाला, "अगं, तू करत काय होतीस इथे? प्लास्टर कालवत होतीस. त्याला काय, माणूस मिळतो."

त्या विक्रेतीचं तिला फारसं काही वाटलं नाही, असं ती पुढे सांगे. नवरा गेला, गेला. पण हे प्लास्टरचं वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. त्या दिवसापासून तिनं नवऱ्यावर दात धरला. आणि दात कसा घट्ट बसवायचा हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

घटस्फोट सामोपचारानं झाला, म्हणजे ती थकली तेव्हा झाला. तारखांमागून तारखा पडल्या, आणि शेवटी एका वकिलाच्या कचेरीत लांबलचक टेबलाशी सगळे बसले. नवऱ्याचा वकील मोठा गोडबोल्या, जणू तोंडात साखर घोळवतोय. तिच्या वकिलाला पुढच्या खटल्याची घाई, त्याचं अर्धं लक्ष घड्याळात. ठरलं असं की तिनं घरावरचा आणि लॅबवरचा हक्क सोडायचा, आणि बदल्यात नवऱ्यानं एकरकमी पैसे द्यायचे. करार वाचून दाखवताना एका ओळीवर ती थबकली. पैसे कशाचे? तर 'पत्नीने फर्ममध्ये अठरा वर्षे पूर्णवेळ केलेल्या कामाच्या थकीत वेतनापोटी.'

तिनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. म्हणजे मान्य केलं यानं अखेर! तोंडानं म्हणवलं नाही, पण कागदावर तरी कबूल केलं. तिनं मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. गोडबोल्या म्हणाला, "ताई, साहेबांनीच आग्रह धरला हो या शब्दांचा." तिनं डोळे पुसले आणि सही केली. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

वर्ष उलटलं. एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन तिनं आपलं टेबल मांडलं होतं, जुन्या डॉक्टरांपैकी दोघं-तिघं तिला काम देत होते. आणि कर खात्याची नोटीस आली. तुम्हाला एवढं वेतन मिळालं, ते तुम्ही दाखवलेलं नाही, कर आणि दंड भरा.

लेकीनं चौकशी करून तिला एका करसल्लागार बाईंकडे नेलं. बाई साठी ओलांडलेल्या, आवाज घोगरा, समोरच्या बशीत खोकल्याच्या गोळ्या. त्यांनी करार वाचला, नोटीस वाचली आणि एक गोळी तोंडात टाकली.

"हे पैसे कशाचे?"

"घटस्फोटाचे."

"कागद तर म्हणतो पगाराचे."

"ते त्यांनी माझ्या कामाचा मान राखायला लिहिलंय," कवळीताई म्हणाली.

सल्लागारबाईंनी कराराचा कागद तिच्याकडे सरकवला. मग अगदी हळू आवाजात, आजाऱ्याला सांगावं तसं सांगितलं. नवऱ्यानं बायकोला सोडताना दिलेले पैसे असतील, तर त्यावर तिला कर नाही. पण मग ते धंद्याचा खर्च म्हणून त्यालाही दाखवता येत नाहीत. तो त्याचा घरगुती मामला. तेच पैसे पगार म्हणून दिले, की चित्र पालटतं. ते त्याचा खर्च होतात आणि तिचं उत्पन्न. त्याचा कर वाचतो, तिच्या मानगुटीवर बसतो.

"म्हणजे मान वगैरे काही नाही, ताई. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं तुमच्या पदरातून काढून घेतलं. मी त्याच्या जागी असते तर वकिलाची फीसुद्धा धंद्याच्या नावावर टाकली असती. त्यानंही टाकली असणार."

कवळीताईला आठवत होतं ते खिडकीबाहेर बघणं. आपण त्या टेबलाशी बसून डोळे पुसले, आणि समोर बसलेला माणूस मनात कराचा हिशेब करत होता! कुलूप लावलं तेव्हा नव्हती एवढी आग आता तिच्या टाळूत गेली.

"घाबरू नका," सल्लागारबाई म्हणाल्या. "उपाय सोपा आहे. खटला घटस्फोटाचा होता हे दाखवू. तुम्ही फक्त एक निवेदन द्यायचं: मी या फर्ममध्ये कधीही नोकरी केलेली नाही, मी गृहिणी होते, हे पैसे वैवाहिक तडजोडीचे आहेत. तुमचा कर माफ, त्याचा खर्च नामंजूर."

त्यांनी तिथल्या तिथे निवेदन टाइप करून समोर ठेवलं. लेकीनं पेन दिलं. कवळीताईनं पेन टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं. 'कधीही नोकरी केलेली नाही.'

"यावर सही नाही करायची मी."

"आई, अगं सगळे पैसे वाचतील!" लेक म्हणाली.

"वाचू देत. पण मग तो म्हणाला तेच खरं झालं ना? मी काही केलंच नाही." ती सल्लागारबाईंकडे वळली. "आणि मी म्हटलं की हो, पगारच होता, तर?"

"तर कर भरावा लागेल. जवळजवळ तिसरा हिस्सा जाईल."

"ते कळलं. त्याचं काय होईल?"

सल्लागारबाईंनी चष्मा काढला. तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "त्याचं? अठरा वर्षं पूर्णवेळ नोकर ठेवली, असं त्यानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलंय. म्हणजे अठरा वर्षं तुमच्या नावानं कामगार फंडात पैसे भरायला हवे होते. ते भरले नाहीत. पगार देताना कर कापायला हवा होता. तोही कापला नाही. यावर व्याज, दंड..." त्या थांबल्या. "पण ताई, हे म्हणजे दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापणं."

"नाक माझंच आहे ना?" कवळीताई म्हणाली. "कापा."

तिनं कर भरला. एकदम, दंडासकट; सल्लागारबाईंनी वकिलाची फी तेवढी पगारातून वजा दाखवली. पैसे भरून बाहेर आली तेव्हा लेकीचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि हिचा चेहरा मात्र लग्नाला निघाल्यासारखा. तिथूनच ती फंडाच्या कचेरीत गेली आणि कराराची प्रत जोडून अर्ज दिला: मी अठरा वर्षांची कामगार, माझा फंड कुठे आहे?

फंडाची नोटीस नवऱ्याला मिळाली त्याच दुपारी त्याचा फोन आला. ती वरच्या जबड्याचे दात मेणात बसवत होती. तिनं हात पुसले, दिवा विझवला, आणि मगच फोन उचलला.

"वेड लागलंय का तुला? कसला फंड? तू कुठे नोकरीला होतीस?"

"तूच लिहून दिलंयस."

पलीकडे तो चपापला. लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"ते... ते नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं होतं."

"मी वाचायचं म्हणून वाचलं नव्हतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिनं दिवा पुन्हा पेटवला. त्या दिवशीचे दात, ती सांगे, असे बसले की पेशंटला एकदाही घासून घ्यावे लागले नाहीत.

नवरा आणि त्याचा गोडबोल्या वकील यांनी डोकं लढवलं. फंडाची थकबाकी आणि व्याज बघितलं तर कराची सवलत त्यापुढे किस झाडकी पत्ती. तेव्हा त्यांनी पवित्रा बदलला. कर खात्याला कळवलं की साहेब, आमची लिहिण्यात चूक झाली; ते वेतन नव्हतंच, ती घरगुती तडजोड होती, बाई निव्वळ गृहिणी होत्या. सवलत सोडतो, पण ते 'वेतन' तेवढं खोडा. कर अधिकाऱ्यानं दोन्ही पक्षांना बोलावलं.

अधिकारी शांत माणूस होता. खोली लहान, फायलींच्या गठ्ठ्यांनी खिडकी अर्धी झाकलेली. एका बाजूला नवरा, वकील आणि सासूबाई. दुसऱ्या बाजूला कवळीताई आणि सल्लागारबाई. सासूबाईंना साक्षीला आणलंय हे बघून कवळीताईनं आशा सोडली. या बाईनं अठरा वर्षांत तिचं एक काम कधी चांगलं म्हटलं नव्हतं. आता ती काय बोलणार हे उघडच होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. आई काय लेकाच्या विरुद्ध बोलणार?

"साहेब," गोडबोल्या म्हणाला, "या घरातल्या सून होत्या. मधूनमधून खाली जाऊन हातभार लावला असेल, पण त्याला नोकरी म्हणायचं का? घरातल्या ज्येष्ठांनाच विचारा."

"आजी, तुमच्या सूनबाई दिवसभर काय करायच्या?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"काय करणार?" सासूबाईंनी पदर सावरला. "काडीचं काम करायची नाही!"

नवऱ्यानं खुर्चीत पाठ टेकली. वकिलानं हसून दात दाखवले.

"घरात असेल तर करेल ना काम!" सासूबाई पुढे म्हणाल्या. "सकाळी चहाचा कप हातात धरून जी खाली जायची, ती दिवेलागण झाली तरी वर नाही. स्वयंपाक माझ्या डोक्यावर, धुणी माझ्या डोक्यावर. पोरगी तापानं फणफणलेली, तरी ही खाली! मी म्हणायची, अगं, घर बघ जरा. तर म्हणे, आई, डॉक्टरांचं काम आजच द्यायचंय. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तेच. सांगून सांगून दाताच्या कण्या झाल्या माझ्या, पण माझं कोणी ऐकलंय का कधी!"

"मी ऐकतोय, आजी," अधिकारी म्हणाला. तो भराभर लिहून घेत होता. "सावकाश सांगा. रोज जायच्या?"

"आई, पुरे," नवरा म्हणाला.

"का पुरे? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारतंय मला! रोज म्हणजे रोज जायची, साहेब. घरात सून असून नसल्यासारखी."

"आणि खाली लॅबमध्ये तुमचे चिरंजीव असायचेच ना?"

"हा? हा कुठला असायला! हा डॉक्टरांबरोबर बाहेर. सगळी लॅब हिच्याच तर जिवावर—"

एवढं बोलून सासूबाई थबकल्या. लेकाचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडला होता. काय चुकलं ते त्यांना कळेना. त्या तर मनापासून सुनेची निंदा करत होत्या. कवळीताईनं ओठ दातांखाली दाबून धरला होता. अठरा वर्षं जे शब्द ऐकून तिनं रात्री उशा भिजवल्या, ते आज तिला अत्तर शिंपडल्यासारखे वाटत होते. आणखी बोला आई, ती मनात म्हणत होती, आणखी शिव्या द्या.

अधिकाऱ्यानं पान उलटलं. "ही 'व्यवसायविषयक कायदेशीर सल्ला' म्हणून दाखवलेली फी. कोणत्या सल्ल्याची?"

गोडबोल्याच्या तोंडातली साखर विरघळली. "ते... त्याच संदर्भात..."

"घटस्फोटाच्या?"

"म्हणजे, हो."

"घटस्फोट हा यांचा व्यवसाय आहे का?" अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "हा खर्च नामंजूर." मग तो कवळीताईकडे वळला. "बाई, तुम्हीही वकिलाची फी पगारातून वजा दाखवली आहे. अर्ज घटस्फोटाचा होता, पगाराच्या वसुलीचा नव्हता. मला तुमचीही वजावट काढावी लागेल."

सल्लागारबाई काही बोलणार होत्या, पण कवळीताईच आधी म्हणाली, "काढा, साहेब. फक्त दोघांचीही काढा."

निकाल लागला तो असा: बाई कामगार होती, पैसे वेतनाचे होते. कर न कापल्याचा दंड नवऱ्याला. नियमानं, वेळेवर कर न कापता दिलेल्या पगाराचा खर्चही त्याला धरता आला नाही. म्हणजे ज्या सवलतीसाठी एवढा उपद्व्याप केला, ती तर गेलीच, आणि वर फंडाची अठरा वर्षांची थकबाकी, व्याजासकट. आपल्याच हातानं लिहिलेल्या एका ओळीनं त्याला पार सोलून काढलं. घर गहाण पडलं. दोन यंत्रं विकली. पाटीवरचं नाव तेवढं राहिलं. आणि गंमत अशी की ती विक्रेती, जी आता घरची मालकीण होती, ती खाली लॅबमध्ये कामाला बसू लागली ती रीतसर नेमणूक आणि पगाराची पावती घेऊन. डोळ्यांदेखत घडलेलं ती विसरणार कशी!

एका संध्याकाळी नवरा लाँड्रीच्या बाजूचा जिना चढून वर आला. खाली इस्त्रीची वाफ, वर मेणाचा वास. तो बराच वाळला होता. कवळीताईनं त्याला बसायला सांगितलं नाही, पण त्यानं स्वतःच एक खुर्ची ओढली.

"तू अर्ज मागे घेतलास तर फंडवाले व्याज सोडतील म्हणतात," तो म्हणाला. "मी कर्जात गळ्यापर्यंत बुडालोय. आईच्या औषधांचंसुद्धा ओढून-ताणून चाललंय. एवढं कशाला ताणायचं? आपण काही एकमेकांचे वैरी नाही."

"आपण एकमेकांचे कोण आहोत ते तूच लिहून दिलंस," ती म्हणाली. "तू मालक, मी कामगार. कामगार काय पगार सोडतो होय?"

"तुला माझा इतका राग आहे?"

तिनं सुरी खाली ठेवून विचार केला. खोटं बोलायची तिला गरज नव्हती.

"आहे. अजून आहे. आईंच्या औषधांची चिठ्ठी पाठव, ती मी आणून देईन. त्यांची साक्ष मला लाख मोलाची ठरली. व्याज मात्र तू भर. हप्ते बांधून देतात, मी चौकशी केलीय."

तो उठला. दारात उभा राहून आणखी काही बोलावं असं त्याला वाटलं असावं, पण खालून लाँड्रीवाल्यानं कोणाला तरी हाक मारली आणि तो तसाच उतरून गेला.

आतल्या खोलीतून लेक बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आईशेजारी बसली. उतरून जाणाऱ्या वडिलांची पाठ बघून तिचे डोळे भरून आले होते.

"आई, खरं सांग. एवढं करून तुला बरं वाटलं का गं?"

लोकांना वाटतं सूड घेतला की माणूस आतून पोकळ होतो, पस्तावतो, रात्री उठून बसतो. लेकीलाही बहुतेक तेच ऐकायचं होतं. कवळीताईनं तिचे डोळे पुसले, केसांवरून हात फिरवला.

"वाटलं," ती म्हणाली. "खूप बरं वाटलं. तुझे वडील आहेत, तू रड. तुला मी अडवणार नाही. पण मला रडायला सांगू नकोस."

मग तिनं दिवा जवळ ओढला, कारण उद्या सकाळी डॉक्टरांचा माणूस काम न्यायला येणार होता आणि खालच्या जबड्याचे मागचे दात अजून बसायचे होते.